ब्रेसिंग नसलेल्या कंपोझिट फ्रेमसाठी एआयएससी ३६०: कॉलमला भक्कम आधार, बीमला अर्धाच

ब्रेसिंग (तिरके आधार) नाही, शिअर वॉल (आडवा जोर पेलणारी भिंत) नाही, लिफ्टभोवती काँक्रीटचा कोअर नाही. आडवा जोर पेलायचा तो फक्त बीम-कॉलमच्या ताठ जोडांनी. अशी फ्रेम स्टील-काँक्रीट कंपोझिट, म्हणजे दोन्ही मिळून भार घेणारी, असेल तर तिच्या स्थैर्याचं डिझाइन करायला एआयएससी ३६०, म्हणजे अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ स्टील कन्स्ट्रक्शनच्या स्पेसिफिकेशनमधली डायरेक्ट अ‍ॅनालिसिस पद्धत कितपत पुरते, हे या परीक्षणात तपासलं आहे. सूत्रं आणि आकडे २०१६ च्या आवृत्तीतले आहेत. तुलनेला कंपोझिट बांधकामाचा युरोपीय कोड युरोकोड ४, म्हणजे ईएन १९९४-१-१ ची २००४ ची आवृत्ती घेतली आहे.

आधी मत सांगून टाकतो. कॉलमच्या बाबतीत हे स्पेसिफिकेशन अतिशय स्पष्ट आहे, इतकं की आकडा थेट उचलून मॉडेलमध्ये घालता येतो. बीमच्या बाबतीत ते कॉमेंटरीत (स्पष्टीकरणाच्या भागात) एक सूचना देऊन थांबतं. काँक्रीटच्या क्रीपसाठी (कायम भाराखाली काळानुसार वाढणारा आकारबदल) वेगळा गुणकच देत नाही. ब्रेसिंग नसलेल्या फ्रेमचं स्थैर्य मात्र या तिन्हींवर सारखंच अवलंबून असतं. त्यामुळे नुसतं प्रकरण सी, म्हणजे स्थैर्याचं प्रकरण, उघडून काम करणाऱ्याचं उत्तर असुरक्षित बाजूला जाऊ शकतं, आणि त्याला ते कळतही नाही.

एक गोष्ट मनापासून आवडते: स्पेसिफिकेशन आणि कॉमेंटरी एकाच पीडीएफमध्ये, एआयएससीच्या संकेतस्थळावरून मोफत मिळते. युरोकोड विकत घ्यावा लागतो, शिवाय प्रत्येक देशाचं राष्ट्रीय परिशिष्ट वेगळं. विद्यार्थ्याला किंवा लहान कार्यालयाला हा फरक मोठा आहे.

पद्धतीचा गाभा थोडक्यात असा. २००५ च्या आवृत्तीत ती परिशिष्ट ७ मध्ये होती, २०१० पासून प्रकरण सी मध्ये मुख्य पद्धत म्हणून आली. इफेक्टिव्ह लेंग्थचे (कॉलमच्या बकलिंगसाठीच्या हिशोबी लांबीचे) तक्ते बाजूला ठेवायचे आणि त्या लांबीचा गुणक के = १ धरायचा. त्याऐवजी अ‍ॅनालिसिसमध्येच तीन गोष्टी घालायच्या: सेकंड ऑर्डर परिणाम (फ्रेम सरकल्यावर उभ्या भाराने वाढणारे मोमेंट, म्हणजे पी-डेल्टा), ओळंब्यातली चूक आणि कमी केलेला स्टिफनेस (ताठपणा). ओळंब्यासाठी प्रत्येक मजल्यावर त्या मजल्याच्या उभ्या भाराच्या ०.००२ पट आडवा नोशनल (काल्पनिक) लोड, म्हणजे उंचीच्या १/५०० इतका कल. स्टिफनेससाठी सगळ्यांना ०.८, आणि वाकण्याच्या स्टिफनेसला त्यावर आणखी टाऊ-बी हा गुणक.

कंपोझिट फ्रेमची पहिली ठेच इथेच लागते. साध्या स्टीलच्या कॉलममध्ये अक्षीय भार स्क्वॉश लोडच्या (न लचकता चिरडण्याच्या भाराच्या) निम्म्याच्या आत असेल तर टाऊ-बी = १, म्हणून ०.८ घालून मोकळं व्हायची सवय असते. कंपोझिट कॉलमचा नियम प्रकरण सी मध्ये नाही. तो प्रकरण आय मध्ये, कलम आय१.५ मध्ये आहे, आणि तिथे टाऊ-बी सरसकट ०.८ आहे, भार कितीही असो. म्हणजे वाकण्यासाठी ०.८ × ०.८ = ०.६४ पट ईआय-इफेक्टिव्ह (स्टीलचा पूर्ण आणि काँक्रीटचा घटवलेला वाकण्याचा स्टिफनेस मिळून), आणि अक्षीय स्टिफनेससाठी ०.८ पट. टाऊ-बी १ धरून बदल्यात ०.००१ चा जादा नोशनल लोड लावायची जी सोय आहे, ती फक्त नॉन-कंपोझिट मेंबरना मिळते. इतकी महत्त्वाची गोष्ट दोन प्रकरणांत विभागून ठेवायला नको होती. प्रकरण सी मधल्या टाऊ-बीच्या सूत्राशेजारी एक ठळक ओळ असती तर कितीतरी मॉडेलं सुधारली असती.

फरक किती पडतो ते एका कॉलमवर पाहू. ४०० × ४०० × १२ मिमीची चौकोनी नळी, आत ४० मेगापास्कलचं काँक्रीट, सळई नाही, कोपऱ्यांची गोलाई सोडून दिली आहे. स्टीलचं क्षेत्रफळ १८,६२४ चौ. मिमी, काँक्रीटचं १,४१,३७६ चौ. मिमी, म्हणजे स्टील ११.६ टक्के. भरलेल्या नळीसाठी सी-३ गुणक (काँक्रीटचा किती ईआय जमेस धरायचा तो) ०.४५ अधिक स्टीलच्या प्रमाणाच्या तिप्पट, कमाल ०.९; इथे तो ०.८० येतो. नुसत्या स्टीलचा ईआय ९३,५५० किलोन्यूटन-चौ. मीटर. काँक्रीटचा ई (लवचीकता गुणांक) ३२,००० मेगापास्कल धरून त्याचा ईआय ५३,३०० आणि त्यातले ४२,६०० जमेस. एकूण ईआय-इफेक्टिव्ह १,३६,१५०.

आता ०.६४ ने गुणा: ८७,१००. सवयीने ०.८ घातले असते तर १,०८,९०० आले असते, म्हणजे कॉलम २५ टक्के जास्त ताठ. आणखी एक बघा. ८७,१०० हा आकडा नुसत्या नळीच्या पूर्ण स्टिफनेसपेक्षाही कमी आहे. आत काँक्रीट भरलं म्हणून स्थैर्याच्या अ‍ॅनालिसिसमध्ये फार मोठी उडी मिळते, ही समजूत या आकड्यापुढे टिकत नाही. रिकामी नळी ०.८ ने ७४,८०० देते; काँक्रीटने खरी भर १६ टक्क्यांचीच घातली.

मॉडेलमध्ये हे घालताना सॉफ्टवेअर स्वतः काय धरतं ते आधी तपासावं. सेक्शन ‘काँक्रीट भरलेली नळी’ म्हणून दिला आणि प्रोग्रॅमने दोन्हींचे पूर्ण ईआय बेरजेला घेतले, तर सुरुवातच १,४६,८५० पासून होते. अशा वेळी वाकण्याचा मॉडिफायर ०.६४ नव्हे, ०.५९३ द्यावा लागतो. अक्षीय बाजूला दोन्ही घटकांची पूर्ण बेरीज अपेक्षितच आहे, तिथे ०.८ बरोबर. काँक्रीटच्या कॉलमसारखा ०.७ चा क्रॅक्ड मॉडिफायर वरून लावणं ही उलट दिशेची चूक: ईआय-इफेक्टिव्हमध्ये काँक्रीटचा वाटा आधीच घटवलेला आहे, तीच कपात दोनदा होते. आणि ड्रिफ्टच्या (मजल्याच्या आडव्या सरकण्याच्या) सेवा-मर्यादेसाठी हे कमी केलेले मॉडेल वापरायचंच नाही. त्यासाठी वेगळी प्रत ठेवावी, फाइलच्या नावातच ‘स्ट्रेंग्थ’ आणि ‘ड्रिफ्ट’ लिहावं.

कॉलमची क्षमता काढताना मात्र ०.६४ नाही, पूर्ण ईआय-इफेक्टिव्ह घ्यायचा. वरच्या कॉलमला ३४५ मेगापास्कलचं स्टील आणि ४ मीटर उंची दिली तर ऑयलर भार (सैद्धांतिक बकलिंग भार) सुमारे ८४,००० किलोन्यूटन, स्क्वॉश भार ११,२३० आणि बकलिंगनंतरची नॉमिनल क्षमता १०,६२० च्या आसपास. बकलिंगने जेमतेम साडेपाच टक्के खाल्ले. कॉलम स्वतः कुठे लचकत नाही. संपूर्ण मजलाच बाजूला सरकतो, आणि तो सरकताना वाढणारे मोमेंट कॉलम व बीम दोघांनाही पेलावे लागतात. म्हणून कॉलमचा युटिलायझेशन रेशो (क्षमतेपैकी किती वापरली ते) बघून समाधान मानणं धोक्याचं आहे.

आवृत्तीकडेही लक्ष हवं. भरलेल्या नळीत २०१० आणि २०१६ चा फरक किरकोळ आहे. काँक्रीटमध्ये गाडलेल्या स्टील सेक्शनमध्ये तो मोठा आहे. ४ टक्के स्टील आणि १ टक्का सळई असेल तर जुना सी-१ गुणक (गाडलेल्या सेक्शनसाठी सी-३ सारखाच) ०.१८ येतो, नवा ०.४०. शिवाय जुन्या सूत्रात सळईचा ईआय निम्माच धरायचा. जुनी एक्सेल शीट नव्या स्पेसिफिकेशनच्या नावाने फिरत असेल तर इथे पकडता येते.

एक तरतूद बहुतेक वेळा नजरेतून सुटते. कंपोझिट मेंबरमध्ये निव्वळ ताण येत असेल तर त्याचा स्टिफनेस फक्त स्टील सेक्शनचा धरायचा. उंच आणि अरुंद फ्रेममध्ये वाऱ्याच्या बाजूचे कोपऱ्यातले कॉलम काही कॉम्बिनेशनमध्ये (भारांच्या जुळण्यांत) ताणात जातात. तेवढ्या कॉम्बिनेशनसाठी मॉडेल बदलणं कटकटीचं आहे. सोपा मार्ग म्हणजे ताणात जाणारे कॉलम शोधून त्यांना सगळीकडेच कमी स्टिफनेस देऊन पाहणं आणि ड्रिफ्ट किती हलतो ते तपासणं.

आता बीम, आणि इथे हे स्पेसिफिकेशन गुण गमावतं. उभ्या भाराखाली कंपोझिट बीमचा स्लॅब मधल्या भागात दाबात असतो. आडव्या जोराखाली चित्र बदलतं: एका टोकाला स्लॅब दाबात, दुसऱ्या टोकाला ताणात, आणि तिथे काँक्रीटला तडे. एकाच बीमचे दोन अर्धे वेगवेगळ्या स्टिफनेसचे. एआयएससीच्या कॉमेंटरीत सांगितलं आहे की नुसत्या उभ्या भाराच्या सलग बीमसाठी पॉझिटिव्ह (स्लॅब दाबात असतानाच्या) इनर्शियाचे ०.६ आणि निगेटिव्हचे (स्लॅब ताणात) ०.४ घ्यावेत, आणि मोमेंट फ्रेमच्या बीमसाठी दोन्हींचे ०.५. सूचना उत्तम आहे, पण ती कॉमेंटरीत आहे, म्हणजे बंधनकारक नाही. घाईत काम करणारा माणूस कॉमेंटरी उघडत नाही.

समजा पॉझिटिव्ह इनर्शिया बेअर स्टीलच्या २.४ पट आहे आणि निगेटिव्ह, म्हणजे स्टील अधिक स्लॅबमधल्या सलग सळया, १.२ पट. सरासरी १.८. पूर्ण लांबीला २.४ धरला तर बीम ३३ टक्के जास्त ताठ झाला. आणि १.८ सुद्धा आपोआप मिळत नाही. त्यासाठी स्लॅब कॉलमच्या पृष्ठभागाला प्रत्यक्ष टेकलेला हवा, कॉलमभोवती सळया सलग हव्यात, टोकापर्यंत पुरेसे शिअर स्टड (स्लॅब आणि बीम जोडणारे खिळे) हवेत. स्लॅब आणि कॉलममध्ये फोमची पट्टी टाकून फट ठेवली असेल तर टोकाजवळ बेअर स्टीलच धरावं. भूकंपासाठीच्या स्पेशल मोमेंट फ्रेममध्ये बीमच्या टोकाजवळच्या प्रोटेक्टेड झोनमध्ये स्टड वेल्ड करण्यावर बंधन आहे, तेही याच हिशोबात धरायला हवं. हा सगळा तपशील ड्रॉइंगवर असतो, अ‍ॅनालिसिस करणाऱ्याच्या स्क्रीनवर नसतो. म्हणून डिटेलिंगची शीट हातात आल्याशिवाय बीमचा मॉडिफायर पक्का करू नये.

या चुका एकत्र आल्या की काय होतं ते एका मजल्यावर मांडू. त्या मजल्याच्या कॉलमांवर एकूण ३०,००० किलोन्यूटन उभा भार, ४५० किलोन्यूटन आडवा शिअर, उंची ४ मीटर. उभ्या भारातला ४० टक्के वाटा मोमेंट फ्रेमच्या कॉलमांवर, बाकीचा नुसत्या पिन जोडाच्या कॉलमांवर, त्यामुळे आरएम हा गुणक = १ − ०.१५ × ०.४ = ०.९४. मजल्याचा इलास्टिक क्रिटिकल भार म्हणजे आरएम गुणिले शिअर गुणिले उंची भागिले विस्थापन. त्यावरून बी-२ गुणक, म्हणजे मजला सरकल्याने आडव्या जोराचे मोमेंट किती पट वाढतात ते.

कॉलम ०.८ ने आणि बीम पूर्ण पॉझिटिव्ह इनर्शियाने असं ताठ मॉडेल १६ मिमी विस्थापन दाखवतं: बी-२ = १.४०. कॉलमला ०.६४ दिले; बरोबर मॉडेलमध्ये विस्थापनाचा अर्धा वाटा कॉलमचा आणि अर्धा बीमचा धरला तर आकडा १८ मिमीवर जातो: बी-२ = १.४७. बीमची सरासरी घेतली: २०.६ मिमी, बी-२ = १.५७ च्या पुढे. जोडावर पूर्ण रिजिड झोन धरला होता तो काढून पॅनेल झोनची (जोडाच्या आतल्या कॉलमच्या भागाची) लवचीकता घातली आणि विस्थापन आणखी २० टक्के वाढलं असं समजू: २४.७ मिमी, बी-२ = १.७८. आडव्या जोराचे मोमेंट सुरुवातीच्या हिशोबापेक्षा २७ टक्के वर गेले, आणि एकही भार बदललेला नाही.

त्यातही १.७ ही रेषा ओलांडली गेली. घटवलेल्या स्टिफनेसने काढलेलं सेकंड ऑर्डर आणि फर्स्ट ऑर्डर ड्रिफ्टचं गुणोत्तर १.७ च्या आत असेल तर नोशनल लोड फक्त उभ्या भारांच्या कॉम्बिनेशनमध्ये लावला तरी चालतो. ओलांडलं की तो वाऱ्याच्या आणि भूकंपाच्या कॉम्बिनेशनमध्येही मिळवायचा. इथे ३०,००० चे ०.००२ पट म्हणजे ६० किलोन्यूटन, ४५० च्या शिअरवर १३ टक्क्यांची भर. १.४० दाखवणाऱ्या मॉडेलवर विसंबून बसलेल्याला ही भर दिसणारच नव्हती. याच टप्प्यावर पी-स्मॉल-डेल्टाचाही (कॉलमच्या स्वतःच्या वाकण्याने होणाऱ्या परिणामाचाही) विचार करावा. तो मजल्याच्या अ‍ॅनालिसिसमधून वगळायची सूट आहे, पण त्यासाठी मोमेंट फ्रेमच्या कॉलमांवर एकतृतीयांशाहून जास्त उभा भार नसावा लागतो. आपल्या मजल्यावर तो ४० टक्के आहे, म्हणजे सूट नाही. सॉफ्टवेअरमध्ये कॉलमचे दोन-चार तुकडे पाडून हे सोडवता येतं.

युरोकोड ४ इथे कुठे चांगला आणि कुठे कमी? त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे क्रीप. काँक्रीटचा ई, कायमस्वरूपी भाराचं प्रमाण गुणिले क्रीप गुणांक अधिक एक, याने भागून घ्यायचा. कायमस्वरूपी भार ६० टक्के आणि क्रीप गुणांक २ असेल तर भाजक २.२, सी४०/५० काँक्रीटचे ३५,००० मेगापास्कल १५,९०० वर येतात. मग सेकंड ऑर्डर अ‍ॅनालिसिससाठी स्टीलचा ईआय अधिक काँक्रीटचा निम्मा, या बेरजेला ०.९. वरचीच नळी या रीतीने १,००,३०० किलोन्यूटन-चौ. मीटर देते. एआयएससीच्या ८७,१०० पेक्षा जास्त, पण दोघांची थेट तुलना करू नये: युरोकोडमध्ये फ्रेमचा सुरुवातीचा कल १/२०० पासून सुरू होतो, उंची आणि कॉलमांच्या संख्येनुसार घटतो, आणि मेंबरची वक्रता वेगळी घ्यायची, भरलेल्या नळीत सळई ३ टक्क्यांपर्यंत असेल तर लांबीच्या १/३००. एका कोडचा स्टिफनेस आणि दुसऱ्याचा कल असं मिश्रण कधीही करू नये.

क्रीपचा हा हिशोब एआयएससीच्या ईआय-इफेक्टिव्हच्या सूत्रात कुठेही उघडपणे येत नाही. बंद नळीत काँक्रीट वाळत नसल्याने क्रीप कमी राहतो, तिथे ही उणीव सोसते. गाडलेल्या सेक्शनमध्ये, जिथे काँक्रीट उघडं आहे आणि कायमस्वरूपी भार जास्त आहे, तिथे युरोकोडचा भाजक वापरून एक समांतर तपासणी करावी, असं आमचं ठाम मत आहे. त्याला अर्धा तासही लागत नाही.

दुसऱ्या बाजूला, युरोकोडचा अल्फा-सीआर (क्रिटिकल भार भागिले प्रत्यक्ष भार) १० चा निकष वापरायला फार सुटसुटीत. १० किंवा अधिक असेल तर फर्स्ट ऑर्डर पुरे. ३ ते १० मध्ये साध्या फ्रेमसाठी आडव्या परिणामांना १ / (१ − १/अल्फा-सीआर) ने वाढवता येतं. ३ च्या खाली नीट सेकंड ऑर्डर अ‍ॅनालिसिसच. पण बीमच्या आधारांजवळ १५ टक्के स्पॅन तडा गेलेला धरायचा जो सोपा नियम आहे, तो ब्रेसिंग असलेल्या फ्रेमपुरता दिलेला आहे. आपल्या प्रश्नाला तोही नेमका उत्तर देत नाही. बीमचं कोडं दोन्ही कोड अर्धवट सोडतात.

सॉफ्टवेअरने काम बिनचूक झालंय का, याच्या दोन तपासण्या पुरेशा आहेत. पहिली: प्रत्येक मजल्याचं सेकंड ऑर्डर विस्थापन भागिले फर्स्ट ऑर्डर विस्थापन, शेजारी हाताने काढलेला बी-२. दोन्हींत पाच टक्क्यांहून जास्त फरक असेल तर बहुधा पिन जोडाचे कॉलम मॉडेलमध्ये नाहीत, किंवा त्यांचा भार नाही. हे लीनिंग कॉलम स्वतः आडवा जोर घेत नाहीत, पण त्यांचा सगळा पी-डेल्टा मोमेंट फ्रेमवर येऊन पडतो. दुसरी: सेकंड ऑर्डर निकालांची बेरीज करता येत नाही. वारा वेगळा, उभा भार वेगळा चालवून उत्तरं मिळवली तर पी-डेल्टा चुकतो. प्रत्येक कॉम्बिनेशन स्वतंत्र नॉन-लिनियर केस म्हणून चालवा, किंवा सगळ्यांत जड उभ्या भाराने एकदा जिऑमेट्रिक स्टिफनेस (उभ्या भाराने ताठपणात होणारी घट) ठरवून तोच सर्वांना वापरा. आणि ०.८ सगळ्या मेंबरना लावा. काहींना लावून काहींना सोडलं तर मजल्यांमध्ये भलतीच वक्रता येऊन बळं इकडची तिकडे जातात.

बांधकामाच्या टप्प्याबद्दल स्थैर्याच्या प्रकरणात वेगळी रीत नाही, पण गाडलेल्या कॉलमांच्या फ्रेममध्ये खरी अडचण तिथेच येते. उभारणीचं स्टील हलकं असतं, आणि डेक काँक्रीटच्या पुढे अनेक मजले चढतो. त्या मजल्यांमध्ये कॉलमचा स्टिफनेस फक्त त्या हलक्या सेक्शनचा. बीमवर ओल्या स्लॅबचं वजन आलेलं, पण बीम अजून कंपोझिट झालेला नाही. काँक्रीटच्या किती मजले पुढे स्टील चढवता येईल याची संख्या डिझाइनरने स्वतः काढून ड्रॉइंगवर लिहावी. काढण्याची रीत तीच: फक्त स्टीलचा ईआय, ०.८ आणि टाऊ-बी, उभारणीतला ओळंबा प्रत्यक्षात १/५०० पेक्षा वाईट असेल तर तो खरा आकडा, आणि मग बी-२. उत्तर बसत नसेल तर त्या मजल्यांना तात्पुरतं ब्रेसिंग, आणि ते कोणत्या मजल्याचं काँक्रीट किती ताकदीला पोचल्यावर काढायचं हेही त्याच ओळीत.